तळाच्या घरातून गोळी सोडणारे रिव्हॉल्व्हर : वाद नेमका कशाचा आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेली काही वर्षे आपण नेहमीच्या घडणीच्या .३५७ मॅग्नम या जोरकस काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरने सराव करत आहात आणि आता नळी सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसे भरण्याच्या फिरत्या नळकांड्याच्या, वरच्या घराऐवजी (एक काडतूस बसणारा कप्पा म्हणजे घर) अगदी खालच्या घरासमोर बसवलेले, म्हणजे चिआप्पा कंपनीच्या ‘रायनो’च्या जातीचे रिव्हॉल्व्हर घेण्याचा विचार करत आहात. बरोबरच्या नेमबाजांत मात्र दोन तट पडले आहेत. एका तटाच्या मते या रचनेने रिव्हॉल्व्हरचा शंभर-सव्वाशे वर्षांचा दोष मुळातून काढून टाकला. दुसरा तट म्हणतो, की हे दिसायला बेढब, चापाला जड आणि दुरुस्तीला डोकेदुखी असलेले खेळणे आहे. लोखंडी पाट्यांवरच्या वेगवान नेमबाजीसाठी ते घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

या वादात मी आजवर दोन्ही बाजूंनी भांडलो आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंची कच्ची ठिकाणे मला साधारण ठाऊक आहेत. माझ्या मते ही रचना एक खरा प्रश्न खरोखर सोडवते. पण तो प्रश्न आपला आहे की नाही, हे बहुतेक जण तपासतच नाहीत. ‘धक्का’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, हे बऱ्याचशा भांडणाचे मूळ आहे.

नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी सिलिंडरच्या सर्वांत वरच्या घरातून सुटते. घोडा, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा भाग, मागे असतो, चापाची यंत्रणा खाली असते आणि मूठ त्याहूनही खाली. त्यामुळे नळीचा अक्ष, म्हणजे गोळी ज्या सरळ रेषेत नळीतून जाते ती रेषा, हाताच्या पकडीच्या बरीच वर राहते. गोळी पुढे जाताना शस्त्र त्याच रेषेत मागे ढकलले जाते आणि हात मात्र त्या रेषेच्या खाली धरलेला असतो. जोर वर आणि आधार खाली, म्हणजे तरफ तयार झाली. शस्त्र हातात वळते आणि नळीचे तोंड उसळते. रायनोमध्ये नळी सर्वांत खालच्या घरासमोर असते, आणि मुठीची पाठ वरपर्यंत चढलेली असल्याने हात जवळजवळ नळीच्या पातळीला पोहोचतो. तरफेचा बाहू आखूड झाला की उसळी कमी होणारच. यात जाहिरातबाजी नाही, शाळेतले यंत्रशास्त्र आहे, आणि पहिल्या सहा गोळ्यांतच ते हाताला कळते.

आता दुसरी गोष्ट. शस्त्र मागे किती जोराने येते, हे नळीच्या उंचीवर अजिबात अवलंबून नसते. ते गोळीचे वजन, तिचा वेग, तोंडातून बाहेर पडणारा वायू आणि शस्त्राचे स्वतःचे वजन यांवरच ठरते. हिशेब करून पाहा. १५८ ग्रेनची, म्हणजे सुमारे १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३८० मीटर वेगाने निघाली आणि तिच्यामागच्या सुमारे एक ग्रॅम दारूचा वायू त्याहून कितीतरी अधिक वेगाने बाहेर पडला, तर एकूण संवेग साधारण ५ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. ९०० ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर त्यामुळे सेकंदाला साडेपाच मीटर वेगाने मागे निघते आणि हाताला सुमारे १४ जूल ऊर्जा शोषावी लागते. त्याच शस्त्रातून त्याच वजनाची पण सेकंदाला २३० मीटर वेगाची .३८ स्पेशल (याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारे नरम काडतूस) सोडली, तर हाच आकडा ४ जूलच्या आसपास येतो. नळी वर असो वा खाली, १४ चे १४ आणि ४ चे ४ च राहतात. रचना बदलल्याने बदलते ती फक्त दिशा: जो जोर मनगट वर मोडण्यात खर्च व्हायचा, तो आता सरळ तळहातात आणि कोपरापर्यंतच्या हाडात येतो.

म्हणूनच एकच शस्त्र हाताळून एक नेमबाज ‘धक्काच नाही’ म्हणतो आणि दुसरा ‘तळहात बधिर झाला’ म्हणतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात. पहिला उसळीबद्दल बोलत असतो, दुसरा मागच्या रेट्याबद्दल. दोन इंची नळीच्या छोट्या नमुन्यात हा फरक फार जाणवतो, कारण रायनोची चौकट ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे आणि छोटा नमुना सुमारे ७०० ग्रॅमचाच आहे. वजन कमी म्हणजे मागे येण्याचा वेग जास्त, आणि तो वेग आता वर वळून विरत नाही. ज्यांचे मनगट दुखावलेले आहे त्यांना ही रचना सोसवते, असा माझा अनुभव आहे. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणे आहे त्यांना मात्र मी छोटा नमुना भरपूर दारूच्या काडतुसांसह घेऊ नका असेच सांगतो.

वादात तिसरा एक मुद्दा हमखास येतो: खाली नळी म्हणजे अचूकता अधिक. तो मला मान्य नाही. चार इंची नळीतून गोळी बाहेर पडायला सुमारे एक हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. त्या क्षणापर्यंत शस्त्र जेमतेम हलायला लागलेले असते. डोळ्यांना दिसणारी उसळी गोळी निघून गेल्यानंतरची असते. संथ नेमबाजीत गटाचा आकार (म्हणजे लक्ष्यावर गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) नळीचा दर्जा, घर आणि नळी यांची सरळ जुळणी, काडतूस आणि चाप ओढणारे बोट यांवर ठरतो. नळी खाली असल्याचा लाभ पहिल्या गोळीला नाही. तो पहिल्या आणि दुसऱ्या गोळीच्या मधल्या वेळेला आहे.

मात्र त्या हजारांश सेकंदातली हालचाल अगदीच शून्य नसते, आणि इथे या रचनेचा एक लाभ आहे ज्याकडे तिचे कैवारीसुद्धा फारसे लक्ष वेधत नाहीत. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरची फ्रंट साइट, म्हणजे नेम धरण्याची पुढची खूण, एवढी उंच का असते, याचा विचार करा. नेम धरलेला असताना नळी प्रत्यक्षात लक्ष्याच्या थोडी खाली रोखलेली असते. गोळी आत असतानाच नळी किंचित उचलली जाते आणि हिशेब जुळतो. म्हणूनच एकाच रिव्हॉल्व्हरमधून जड आणि संथ गोळी वर लागते, हलकी आणि वेगवान गोळी खाली लागते. संथ गोळी नळीत अधिक काळ राहते आणि तेवढी उसळी तिच्या वाट्याला येते. काडतूस बदलल्यावर रिअर साइटचा स्क्रू फिरवत बसण्याचे काम रिव्हॉल्व्हरवाल्याला नवे नाही. बाहू आखूड असलेल्या शस्त्रात हा परिणाम कमी होतो. सरावाला .३८ आणि अधूनमधून .३५७ वापरणाऱ्या माणसाला याची किंमत कळेल.

आता त्याच भूमितीची दुसरी बाजू. नळी खाली गेली, पण साइट खाली जाऊ शकत नाहीत, कारण मध्ये पूर्ण सिलिंडर आहे. त्यामुळे नेमाची रेषा आणि नळीचा अक्ष यांतले अंतर वाढते. समजा हे अंतर ४ सेंटिमीटर आहे आणि साइट २५ मीटरवर जुळवल्या आहेत. तर ५ मीटरवर गोळी नेमाच्या सुमारे ३ सेंटिमीटर खाली लागेल. अंतर २ सेंटिमीटरच असते तर ती जेमतेम दीड सेंटिमीटर खाली लागली असती. मोठ्या पाटीवर याने काही बिघडत नाही. पण जवळच्या छोट्या लक्ष्यावर, किंवा अर्धे लक्ष्य आडोशामागे असताना, हे तीन सेंटिमीटर आपल्याला आठवणीत ठेवावे लागतात. आणखी एक गोष्ट फार कमी जण बोलून दाखवतात: खिडकीच्या किंवा फळीच्या कडेवरून नेम धरताना साइटला समोरचे स्वच्छ दिसते, पण नळी अजून कडेच्या खालीच असते. नव्या माणसाने फळीला भोक पाडल्याचे मी पाहिले आहे. मोठ्या दुर्बिणीच्या रायफलींत ही चूक जुनीच आहे. रिव्हॉल्व्हरवाल्यांना तिची सवय नाही, इतकेच.

खरी किंमत मोजावी लागते ती चापात. घोडा खालच्या घराच्या पातळीवर आणायचा, तर नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जिथे चापाची यंत्रणा बसते तीच जागा घोड्याला हवी असते. रायनोत घोडा पूर्णपणे चौकटीच्या आत आहे, आणि त्याला मागे नेण्यासाठी चाप आणि घोडा यांच्यामध्ये दांड्यांची साखळी घालावी लागली आहे. मागे जो घोड्यासारखा दिसणारा कान आहे तो घोडा नव्हेच; तो आतला घोडा ताणण्याची कळ आहे आणि घोडा ताणून झाला की ती आपली परत जागेवर जाते. यंत्रणेतला प्रत्येक नवा सांधा घर्षण आणि थोडी ढिलाई घेऊन येतो. जुन्या, रुळलेल्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरचा चाप कुशल कारागीर दोन स्प्रिंगा आणि थोडी पॉलिश यांवर लोण्यासारखा करून देतो, कारण त्या यंत्रणेवर चार पिढ्यांचे हात फिरलेले आहेत. आतल्या दांड्यांच्या यंत्रणेत हात घालायला तयार असलेले कारागीर थोडे भेटतात. मी स्वतः अशी यंत्रणा उघडून परत बसवली आहे. ती अशक्य नाही, पण दुसऱ्या वेळी उघडायची इच्छा झाली नाही. हा दोष रचनेच्या मूळ कल्पनेतून येतो, कोण्या एका कारखान्याच्या हलगर्जीतून नव्हे.

लपलेल्या घोड्याचा सुरक्षिततेशीही संबंध आहे. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ताणलेला आहे की नाही, हे दहा पावलांवरून रेंज अधिकाऱ्याला दिसते. इथे कळ परत पुढे गेलेली असते. घोडा ताणलेला असल्याची खूण म्हणजे रिअर साइटजवळ वर येणारा एक छोटा लाल दर्शक. नेमबाजाला तो दिसतो. बाजूला उभ्या असलेल्याला दिसेलच असे नाही. आपण हे शस्त्र रेंजवर आणणार असाल, तर पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याला तो दर्शक दाखवून ठेवावा. घोडा ताणल्यानंतर गोळी न सोडता तो परत खाली घेण्याची कृतीसुद्धा हाताच्या जुन्या सवयीवर सोडू नये. ती पुस्तिकेत वाचून रिकाम्या शस्त्रावर बसवून घ्यावी, आणि मगच भरलेले शस्त्र हातात घ्यावे.

यानंतर फटीचा प्रश्न येतो. सिलिंडर आणि नळी यांच्यात साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटरची फट सोडावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. त्या फटीतून प्रत्येक वेळी तापलेला वायू आणि शिशाचे कण सुरीसारखे बाजूला फेकले जातात. नेहमीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही जागा वर, चौकटीच्या माथ्याजवळ असते. तळाच्या घरातून गोळी सुटली की ती खाली, चापाच्या बोटाच्या आणि आधाराच्या हाताच्या तर्जनीच्या पातळीजवळ येते. ज्यांनी अर्धस्वयंचलित पिस्तुलावर दोन्ही अंगठे पुढे रोखून धरण्याची सवय लावून घेतली आहे, त्यांच्यासाठी कोणतेही रिव्हॉल्व्हर धोक्याचे, हे अधिक. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून एक फिकट रेघ आहे. ती जुन्या, सरळ घडणीच्या रिव्हॉल्व्हरची देणगी आहे, आणि तेव्हा काडतूस साधे .३८ होते. अंगठ्यावर अंगठा आडवा ठेवून दोन्ही हात फटीच्या मागे राहतील अशीच पकड घ्यावी. ॲल्युमिनियमच्या चौकटीचे कोणतेही रिव्हॉल्व्हर घेताना फटीसमोर चौकटीला पोलादी पत्र्याचे संरक्षण आहे का, हेही पाहून घ्यावे. पोलादी चौकटीच्या माथ्यालासुद्धा मॅग्नमच्या झोताने कालांतराने बारीक चीर पडते.

हा वाद आपल्या पिढीचा नाही, हे इथे सांगायला हवे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत नेमबाज रॅपिड फायर (जलद नेमबाजी) प्रकारासाठी ‘एमटीएस-३’ नावाचे जवळजवळ उलटे केलेले पिस्तूल घेऊन आले होते. त्याची नळी इतकी खाली होती की .२२ शॉर्टच्या छोट्या काडतुसावर उसळी नाममात्र राहिली. सुवर्णपदक तरीही रोमानियाच्या श्तेफान पेत्रेस्कू यांनी नेले, सोव्हिएत संघ रौप्यावर थांबला. पण आंतरराष्ट्रीय संघटनेने लवकरच नियम बदलून असली रचना बाद केली. नेमबाजाने शस्त्र नेहमीच्या पद्धतीने धरले असता नळीचा अक्ष अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याच्या वरून गेला पाहिजे, अशी अट या संघटनेच्या, म्हणजे आयएसएसएफच्या, २५ मीटर पिस्तूल प्रकारांत आहे. या प्रसंगातून दोन्ही तटांना काहीतरी मिळते. नळी खाली नेल्याने लाभ होत नसता, तर त्यावर बंदी घालायचे कारणच नव्हते. आणि तो लाभ असूनही सुवर्ण सोव्हिएत संघाला मिळाले नाही.

तेव्हा आपल्याला पुढे-मागे आयएसएसएफच्या सेंटर फायर या २५ मीटरच्या प्रकारात उतरायचे असेल, तर शस्त्र घेण्याआधी ते तपासणीच्या टेबलावर नेऊन विचारावे. त्या प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालते, मॅग्नम काडतूस चालत नाही, शस्त्र १४०० ग्रॅमच्या आत आणि नळी १५३ मिलिमीटरच्या आत हवी. सहा इंची नळी १५२.४ मिलिमीटरची, म्हणून थोडक्यात बसते. बेचक्याच्या अटीवर मात्र तळाच्या घराची रचना अडकण्याचा संभव पुष्कळ.

खाली नेलेल्या नळीमागचा माणूसही लक्षात ठेवण्याजोगा आहे. इटलीच्या एमिलिओ घिसोनी यांनी रायनोच्या आधी ‘मातेबा’ या नावाने अशीच विचित्र रिव्हॉल्व्हरे काढली होती. त्यांतल्या ‘उनिका-६’ मध्ये तर तळाची नळी होतीच, शिवाय धक्क्याच्या जोरावर नळी आणि सिलिंडर मागे सरकून घोडा आपोआप ताणला जाई. घिसोनी २००८ मध्ये वारले आणि रायनो त्यानंतर बाजारात आला. माझ्या मते रायनो ही त्यांच्या कल्पनांची शहाणी आवृत्ती आहे: दोन नवलांपैकी एकच ठेवले, आणि जे ठेवले ते उपयोगाचे होते.

दुसरे नवल किती महाग पडते, याचा धडा वेब्ली-फॉस्बेरीने आधीच दिला होता. १९०१ पासून विकल्या गेलेल्या त्या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरमध्ये वरचा भाग मागे सरके, सिलिंडरवरच्या नागमोडी खाचांत एक खुंटी फिरे, त्याने पुढचे घर समोर येई आणि घोडाही ताणला जाई. रेंजवर ते मऊ चाले. पण मनगट सैल पडले की सरकणे अर्धवट राही, आणि खंदकांच्या चिखलात त्या खाचा भरून जात. सैन्याने ते अधिकृतपणे कधी स्वीकारले नाही. अधिकाऱ्यांनी पदरचे पैसे घालून घेतले तेवढेच. बेल्जियन कारागीर नागां (Nagant) यांच्या १८९५ च्या रिव्हॉल्व्हरचीही अशीच गोष्ट. घोडा ताणताना सिलिंडर पुढे सरकून फट बंद होते, काडतुसाची पुंगळी नळीच्या मागच्या टोकात शिरते, वायू गळत नाही. कल्पना देखणी, सात घरे, आणि डबल ॲक्शनचा (एकाच ओढीत घोडा ताणून सोडणारा) चाप इतका जड की बोट दमते. पुढे रशियातल्या तुला शहरात याच तत्त्वावर तोझ-३६ हे लक्ष्यवेधाचे रिव्हॉल्व्हर बनले, तेव्हा ते सिंगल ॲक्शनच (घोडा आधी हाताने ताणायचा, चापाने फक्त सोडायचा) ठेवले गेले; म्हणजे जिथे किंमत भारी पडत होती तेवढा भाग टाळला गेला. डॅन वेसन या अमेरिकी कंपनीच्या रिव्हॉल्व्हरची बदलता येणारी नळी याउलट. आवरणाच्या आत बसवलेली नळी पुढच्या टोकाला नटने ताणून धरायची, आणि फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) आपली आपण लावायची. लोक सुरुवातीला हसले, पण ताणलेल्या नळीची अचूकता लांब पल्ल्याच्या सिलूएट (प्राण्यांच्या आकाराच्या धातूच्या लक्ष्यांच्या) स्पर्धांत दिसली आणि हसणे थांबले. तिथे लाभासाठी चापाला हात लावावा लागला नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते.

आता आपल्या पाट्यांकडे येतो. वेगवान स्पर्धांत काडतुसाची ताकद गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार, अशी मोजतात. १५८ ग्रेनची गोळी ८०० फुटांनी गेली की आकडा १२६ च्या आसपास येतो, आणि बहुतेक जण अशाच नरम काडतुसांवर, स्पर्धेने ठरवलेल्या किमान आकड्याच्या किंचित वर राहून खेळतात. म्हणजे आपण वर काढलेल्या १४ जूलच्या जगात आपण नसताच. ४ जूलच्या जगात असता. जी उसळी मुळातच लहान आहे ती निम्मी केल्याने दोन गोळ्यांमधला वेळ निम्मा होत नाही, कारण तो वेळ उसळीने अडवलेलाच नसतो. तो बोटाने अडवलेला असतो. अमेरिकी नेमबाज एड मॅकगिव्हर्न यांनी १९३२ मध्ये पाच गोळ्या ०.४५ सेकंदात सोडल्या, आणि त्यांचेच देशबांधव जेरी मिक्युलेक यांनी १९९९ मध्ये आठ गोळ्या एका सेकंदात. दोघांच्या हातात स्मिथ अँड वेसनची वरच्या घरातून गोळी सोडणारी रिव्हॉल्व्हरे होती. त्यांच्यासारखे आपण नाही, हे कबूल. पण उंच नळी ही जर भिंत असती, तर ती त्यांना सर्वांत आधी लागली असती. मिक्युलेक यांचा दुसरा विक्रम मला याहून बोलका वाटतो: सहा गोळ्या, पुन्हा भरणे आणि आणखी सहा गोळ्या, सगळे मिळून २.९९ सेकंदांत. पाट्यांच्या स्पर्धेत आपण जो वेळ हरवता तो बहुधा भरण्यात हरवता. त्या बाबतीत नळी वर की खाली याने काही फरक पडत नाही. मून क्लिपवर (सगळी काडतुसे एकदम धरणाऱ्या पातळ चकतीवर) चालणारे सिलिंडर, सैल पडणाऱ्या पुंगळ्या आणि हजार वेळा केलेला रिकामा सराव यांनी पडतो.

माझे ऐकाल तर पैसे देण्याआधी एक सकाळ खर्च करा. कोणाचे तरी तळाच्या नळीचे रिव्हॉल्व्हर आणि आपले स्वतःचे, दोन्ही शक्यतो सारख्या वजनाची आणि सारख्या लांबीच्या नळीची घ्या. काडतूस एकच, आणि तेही आपण खरोखर वापरता तेच. १० मीटरवर एका पाटीवर दोन-दोन गोळ्यांच्या जोड्या सोडा, टायमरवर मधला वेळ नोंदवा, आणि ज्या जोडीतल्या दोन्ही गोळ्या लागल्या तीच मोजा. प्रत्येकी तीस जोड्या पुरेत. शस्त्रे आलटून पालटून घ्या, नाहीतर दमलेल्या हाताचा दोष दुसऱ्या शस्त्रावर जाईल. मग हीच चाचणी पूर्ण ताकदीच्या .३५७ वर करा. माझी अपेक्षा अशी, की नरम काडतुसावर फरक नगण्य निघेल किंवा आपल्या ओळखीच्या चापाच्या बाजूने निघेल. मॅग्नमवर मात्र तळाची नळी स्पष्ट पुढे असेल. मुठीचा कोन वेगळा असल्यामुळे पहिल्या डझनभर जोड्यांत नळी आपोआप लक्ष्याच्या वर किंवा खाली रोखली जाईल; त्या जोड्या हिशेबात धरू नका.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट करून घ्या. मित्राला सिलिंडरमध्ये दोन-तीन घरांत रिकाम्या पुंगळ्या भरायला सांगा, कुठे ते आपल्याला न सांगता. घोडा रिकाम्या पुंगळीवर पडला आणि तरी नळी खाली दचकली, तर तो दोष धक्क्याच्या भीतीचा आहे. खाली नळी असलेल्या शस्त्राने काही नेमबाजांची ही भीती खरोखर कमी होते, आणि ती कमी झाली तर वरचे माझे सगळे आकडे बाजूला ठेवून आपण ते शस्त्र घ्यावे, असे मी म्हणेन. एका जुन्या सहकाऱ्याच्या बाबतीत तसेच झाले: उसळी डोळ्यांसमोरून गेली तशी पापणी मिटायची थांबली, आणि सहा महिन्यांनी तो आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरनेही चांगले मारू लागला.

दचकणे नसेल, काडतूस नरमच वापरायचे असेल आणि मॅग्नमचा हौसेपुरताच उपयोग असेल, तर आपले सध्याचे रिव्हॉल्व्हर ठेवा, त्याचा चाप चांगल्या कारागिराकडून करून घ्या आणि उरलेल्या पैशांची काडतुसे घ्या. घ्यायचेच ठरले तर दोन इंचीच्या मोहात पडू नका. पाच किंवा सहा इंची नमुना घ्या. त्याच्या वजनाने मागचा रेटा सोसवतो, पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर वाढते, आणि आधाराचा हात कुठे ठेवायचा हे शिकेपर्यंत जाड हातमोजा वापरायला मला तरी काही कमीपणा वाटत नाही.